स्वादुपिंडाचा आकडा कमी आला, म्हणजे काय?

मागच्या पावसाळ्यात एका विहारात झालेल्या आरोग्य शिबिरात आम्ही रिपोर्ट समजावून सांगायला बसलो होतो. दुपारी एक ताई आल्या. वय पन्नाशीचे. मुलाने वाढदिवसाला ‘संपूर्ण शरीर तपासणी’चे पॅकेज घेऊन दिले होते. सहा पानी रिपोर्टात एका ओळीवर त्यांनी पेनाने तीन वेळा गोल काढला होता. अमायलेज कमी. पुढे ठळक अक्षरात ‘एल’. शेजारच्या मुलाने मोबाइलवर शोधून सांगितले होते की हे कॅन्सरमध्येही होते. ताई आठ दिवस झोपल्या नव्हत्या.

तासाभराने एक चोवीस वर्षांचा मुलगा आला. गवंड्याच्या हाताखाली काम करणारा. वजन एक्केचाळीस किलो. त्याच्या रिपोर्टातही तीच ओळ होती, अमायलेज कमी. पण त्याला त्याची काळजी नव्हती. तो विचारत होता, “सर, आठवीपासून पोटात दुखतंय. जो तो विचारतो, पितोस का. मी पीत नाही. मग दुखतंय कशानं?”

दोघांच्या कागदावर आकडा जवळजवळ सारखाच होता. ताईंना घाबरण्याचे काही कारण नव्हते. मुलाला मात्र दहा वर्षांपूर्वीच नीट तपासायला हवे होते. सारख्याच आकड्याचे दोन अर्थ कसे होतात, हे आम्ही या वेळच्या आरोग्य पानावर सांगणार आहोत.

स्वादुपिंडाचे काम

स्वादुपिंड म्हणजे जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवी पसरलेली ग्रंथी. लांबी साधारण १२ ते १५ सेंटिमीटर, वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. ती खोल दडलेली असल्यामुळे वरून पोट दाबून सहसा हाताला लागत नाही.

या ग्रंथीची कामे दोन. पहिले काम रक्तात संप्रेरके सोडण्याचे. त्यात इन्सुलिन मुख्य. ते कमी पडले की साखर वाढते, हे आता घरोघरी माहीत आहे. दुसरे काम अन्न पचवणारा रस तयार करण्याचे. असा सुमारे दीड लिटर रस रोज एका नलिकेतून लहान आतड्यात उतरतो. त्यात विकरे असतात. त्यांनाच आपण एन्झाइम म्हणतो. अमायलेज भाकरी-भातातला पिष्टमय भाग फोडते, लायपेज तेल-तूप फोडते, आणि ट्रिप्सिनसारखी विकरे डाळ, अंडी, मांस यांतली प्रथिने फोडतात. यातले लायपेज सर्वांत नाजूक. म्हणून स्वादुपिंड बिघडले की आधी तेल-तूप पचेनासे होते.

मग ही विकरे रक्तात कशी?

विकरांची खरी जागा आतड्यात आहे. रक्तात सापडतो तो थोडासा झिरपलेला अंश. स्वादुपिंडाला अचानक सूज आली की पेशी फुटतात आणि विकरे मोठ्या प्रमाणावर रक्तात येतात. अशा वेळी अमायलेज किंवा लायपेज नेहमीच्या वरच्या मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून अधिक होते. पोटात असह्य कळ आलेल्या रुग्णात ही सूज ओळखण्यासाठीच या चाचण्या आल्या. म्हणजे त्या मुळात वाढलेला आकडा पकडण्यासाठी आहेत. कमी आकड्यावरून स्वादुपिंडाची ताकद मोजणे हे त्यांचे मुख्य काम नाही. त्यामुळे कित्येक प्रयोगशाळा लायपेजची फक्त वरची मर्यादा छापतात.

आणखी एक गोष्ट. रक्तातले सगळे अमायलेज स्वादुपिंडाचे नसते. निम्मे किंवा त्याहून जास्त लाळेच्या ग्रंथींकडून येते. त्यामुळे स्वादुपिंड बरेच खराब असूनही एकूण अमायलेज ठीक दिसू शकते. फक्त स्वादुपिंडाचे अमायलेज वेगळे मोजणारी चाचणी असते, पण पॅकेजमध्ये ती सहसा नसते. लायपेज मात्र बहुतांशी स्वादुपिंडाचेच असते.

आजार नसतानाही आकडा कमी का येतो?

रिपोर्टावर छापलेली मर्यादा ठरते कशी, हे आधी पाहू. बऱ्याच निरोगी माणसांचे रक्त तपासतात. मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे जिथून जिथवर येतात, तेवढा पट्टा ‘नॉर्मल’ धरतात. खालचे अडीच टक्के आणि वरचे अडीच टक्के बाहेर राहतात. ही बाहेर राहिलेली माणसेही निरोगीच असतात. म्हणजे शंभर धडधाकट माणसांपैकी दोन-तीन जणांचा आकडा मर्यादेखाली येणारच. एखाद्याने एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या केल्या, तर निदान एक तरी आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के असते. पॅकेजमध्ये तर साठ-सत्तर चाचण्या असतात. त्यात एकही ‘एल’ किंवा ‘एच’ आला नाही, तर तेच नवल.

दुसरे कारण रक्त घेण्याच्या पद्धतीत असते. अमायलेजला काम करायला कॅल्शियम लागते. रक्तपेशी मोजण्यासाठी वापरतात त्या जांभळ्या टोपणाच्या नळीत कॅल्शियम बांधून ठेवणारे रसायन असते. साखर तपासण्याच्या राखाडी टोपणाच्या नळीतही पुष्कळदा असेच द्रव्य असते. चुकून त्याच नळीतल्या रक्तावर अमायलेज केले, तर आकडा खोटा कमी येतो. शिबिरात एकाच वेळी शेकडो नळ्या भरल्या जातात, तेव्हा अशी अदलाबदल होऊ शकते.

तिसरे कारण रक्तातल्या चरबीचे. ट्रायग्लिसराइड खूप वाढले की रक्ताचा वरचा द्रव दुधासारखा गढूळ दिसतो आणि अमायलेज प्रत्यक्षाहून कमी मोजले जाते. प्रयोगशाळेने नमुना पातळ करून पुन्हा तपासला की खरा आकडा कळतो.

चौथी गोष्ट तान्ह्या बाळांची. जन्मल्यावर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात अमायलेज फारच कमी असते. मोठ्यांची मर्यादा लावून बाळाच्या रिपोर्टावर ‘एल’ छापला, तर त्याने आईबापांनी घाबरून जाऊ नये. बाळाचा रिपोर्ट बालरोगतज्ज्ञांनीच वाचावा.

आकडा खरोखर कमी असतो तेव्हा

यातले सर्वांत जास्त आढळणारे कारण सर्वांत कमी भीतीचे आहे. पोटाचा घेर वाढलेला, साखर वाढलेली किंवा काठावरची, ट्रायग्लिसराइड वाढलेले, अशा माणसांमध्ये सरासरीने अमायलेज कमी आढळते. विकरे बनवणाऱ्या पेशींना शेजारच्या इन्सुलिनचा आधार लागतो. तो आधार नीट मिळेनासा झाला, किंवा स्वादुपिंडात चरबी साठली, की विकरे थोडी कमी होतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात, म्हणजे लहानपणी किंवा तरुणपणी इन्सुलिन बंद पडते त्या मधुमेहात, स्वादुपिंड आकारानेही लहान होते आणि विकरे घटतात. अशा बहुतेकांचे अन्नपचन व्यवस्थित चालू असते. त्यांना विकरांच्या औषधाची गरज नसते. लक्ष द्यायचे ते साखरेकडे आणि कमरेच्या घेराकडे.

दुसरे कारण स्वादुपिंडाची जुनाट सूज. वर्षानुवर्षे सूज येत-जात राहिली की विकरे बनवणाऱ्या पेशी मरतात आणि त्यांच्या जागी घट्ट तंतू तयार होतात. रक्तात झिरपायला विकरेच उरत नाहीत. या सुजेमागे दारू हे मोठे कारण आहे. पंचशीलातले पाचवे शील आपण घरोघरी म्हणतो, त्यामुळे त्यावर अधिक लिहीत नाही. पण विडी-सिगारेटही स्वादुपिंडाला स्वतंत्रपणे इजा करते, हे फार थोड्यांना माहीत असते. दारू न पिणाऱ्या पण रोज विडीचे बंडल ओढणाऱ्यालाही हा धोका असतो. दोन्ही असतील तर नुकसान लवकर होते.

पित्ताशयातला खडा खाली सरकून स्वादुपिंडाचे तोंड अडवतो, तेव्हाही तीव्र सूज येते. विदर्भातल्या वाचकांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. सिकलसेलच्या रुग्णांमध्ये तांबड्या पेशी सतत फुटत असल्याने कमी वयातच पित्ताशयात खडे होतात. घरात सिकलसेलचा रुग्ण असेल आणि त्याच्या पोटात वरच्या बाजूला कळ येत असेल, तर ती नेहमीचीच सिकलसेलची कळ असेल असे गृहीत धरू नये. सोनोग्राफी करून घ्यावी.

तिसरे कारण कुपोषण. विकरे स्वतः प्रथिनांची बनलेली असतात. मुलाच्या आहारात दीर्घकाळ प्रथिनेच नसतील, तर स्वादुपिंडाच्या पेशी रोडावतात आणि विकरे घटतात. तेल-तूप पचत नाही, जुलाब होतात, आणि खाल्लेले अन्नही अंगी लागत नाही. असे चक्र सुरू होते. दिलाशाची बाब ही की वेळेवर पुरेसा, प्रथिनयुक्त आहार मिळाला तर ग्रंथी पुष्कळ अंशी सावरते.

चौथे कारण जन्मजात आजारांचे. सिस्टिक फायब्रोसिस या आजारात स्वादुपिंडाच्या नलिकेतला रस घट्ट होऊन तुंबतो. मूल भरपूर खाते पण वजन धरत नाही, तेलकट शौच होते, छातीत वारंवार कफ भरतो, आणि बाळाचा मुका घेतला की कातडी खारट लागते. हा आजार गोऱ्या लोकांचा, असा समज होता. तो भारतातही आहे. घामातल्या क्षाराची तपासणी करून तो ओळखतात.

याशिवाय शस्त्रक्रियेत स्वादुपिंडाचा भाग काढला असेल, तीव्र सुजेत त्याचा मोठा भाग नष्ट झाला असेल, किंवा गाठीने नलिका बराच काळ दाबून ठेवली असेल, तर विकरे कमी होतात. यकृताच्या गंभीर आजारातही अमायलेज कमी आढळू शकते. कॅन्सरबद्दल स्पष्टच सांगतो. लक्षणे काहीच नाहीत आणि अमायलेज थोडे कमी आहे, एवढ्यावरून कॅन्सरचा संशय घेत नाहीत. पण पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला आणि वजन भराभर उतरू लागले, किंवा डोळे पिवळे झाले, किंवा पोटातले दुखणे पाठीत जाऊ लागले, तर आकडा काहीही असो, थांबायचे नाही.

न पिणाऱ्यांचा, गरिबांचा आजार

आता त्या चोवीस वर्षांच्या मुलाकडे वळू.

१९५९ साली इंडोनेशियात काम करणाऱ्या झुइडेमा नावाच्या डॉक्टरांनी काही रुग्णांची नोंद केली. हे सगळे गरीब, कुपोषित लोक होते. त्यांच्या स्वादुपिंडात खडे होते आणि त्यांना मधुमेह झालेला होता. पुढे केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी अशा रुग्णांचा मोठा अभ्यास केला. लहानपणी पोटदुखी, वयात येताना मधुमेह आणि ऐन उमेदीत मृत्यू, असे त्यांना दिसलेले या आजाराचे चित्र होते. या आजाराला उष्णकटिबंधातला खड्यांचा स्वादुपिंडदाह म्हणतात. यातले रुग्ण दारू पिणारे नव्हते. कित्येक तर शाळकरी मुले होती.

कारण शोधताना संशय कसाव्यावर गेला. केरळात गरिबांचे पोट या कंदावर भरत असे आणि त्यात सायनाइड तयार करणारी द्रव्ये असतात. पण कसावा न खाणाऱ्या भागांतही हा आजार सापडला, आणि कसाव्यावरचा आरोप सिद्ध झाला नाही. आपला साबुदाणा याच कंदापासून बनतो. म्हणून सांगून ठेवतो, साबुदाण्याने स्वादुपिंड खराब होते याला पुरावा नाही. पुढे या रुग्णांपैकी बऱ्याच जणांत एका जनुकातला बदल सापडला. त्या जनुकाचे नाव स्पिंक-१. स्वादुपिंडाने स्वतःलाच पचवू नये म्हणून जो लगाम असतो, तो या बदलामुळे ढिला पडतो. पण हा बदल असलेल्या प्रत्येकाला आजार होत नाही. म्हणजे जनुके, आहार आणि परिस्थिती यांचा हा मिळून झालेला परिणाम दिसतो.

आज हा आजार पूर्वीपेक्षा मोठ्या वयात आणि कमी उग्र रूपात आढळतो. उपचार आहेत, आणि ते वेळेवर मिळाले तर माणूस कामधंदा करून जगतो. पण तो आधी ओळखला गेला पाहिजे. आमची खंत इथेच आहे. मजुराच्या पोराच्या पोटात दुखते म्हटले की पहिला प्रश्न येतो, “दारू पितोस?” तो नाही म्हणाला तरी विश्वास बसत नाही. आम्लपित्ताची गोळी आणि एक इंजेक्शन देऊन परत पाठवतात. विचारण्यात चूक नाही, तो प्रश्न विचारलाच पाहिजे. उत्तर ऐकून न घेता तपास थांबवणे ही चूक आहे. कोण कुठल्या वस्तीतून आला यावरून निदान ठरत नसते.

‘रिपोर्ट ठीक आहे’ हेही फसवे

त्या मुलाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली होती. दोन वर्षांपूर्वी कळ आली तेव्हा एका दवाखान्यात अमायलेज तपासले. ते नॉर्मल आले. “तुझ्या स्वादुपिंडाला काही नाही,” असे सांगून त्याला घरी पाठवले.

इथे दोन गोष्टी कळायला हव्यात. पहिली, वेळ. तीव्र सुजेत अमायलेज काही तासांत चढते आणि साधारण तीन ते पाच दिवसांत खाली येते. लायपेज जास्त दिवस, आठवडा-दोन आठवडे, वर राहते. मजुरी बुडू नये म्हणून कळ अंगावर काढून माणूस पाचव्या-सहाव्या दिवशी येतो, तोवर अमायलेज उतरलेले असते. दुसरी, ग्रंथीची अवस्था. जुनाट आजारात बहुतेक पेशी आधीच गेलेल्या असतात. मग नवी सूज आली तरी आकडा वर चढत नाही, कारण फुटायला पेशीच उरलेल्या नसतात. विहीर आटली की पोहरा रिकामाच वर येतो. अशा माणसाला ‘आकडा वाढलेला नाही म्हणून आजार नाही’ असे सांगणे म्हणजे उलटाच अर्थ लावणे झाले.

खरी तपासणी कोणती?

पहिली तपासणी फुकट आहे, पण लाजेपायी ती राहून जाते. आपले शौच कसे होते ते पाहावे आणि डॉक्टरांना न लाजता सांगावे. तेल-तूप पचत नसेल तर शौच फिकट, चिकट, तेलकट आणि प्रमाणाने जास्त होते. त्याला उग्र वास येतो, ते पाण्यावर तरंगते आणि भरपूर पाणी टाकूनही भांड्याला चिकटून राहते. सोबत पोट फुगणे, गॅस आणि जेवण चांगले असूनही वजन उतरणे. अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे चरबीबरोबरच शोषली जातात. त्यांच्या कमतरतेने संध्याकाळी कमी दिसते, हाडे दुखतात, जखमेतले रक्त लवकर थांबत नाही.

स्वादुपिंडाची राखीव ताकद मात्र फार मोठी असते. विकरे तयार करण्याची सुमारे ९० टक्के क्षमता गेल्यावरच असे तेलकट शौच दिसू लागते. म्हणून लक्षण दिसले की उशीर करू नये.

पचनाची ताकद मोजण्यासाठी आज सर्वांत सोयीची चाचणी रक्ताची नसून शौचाची आहे. तिला फीकल इलास्टेज म्हणतात. एक ग्रॅम शौचात इलास्टेज २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असेल तर सहसा ठीक. १०० ते २०० मध्ये असेल तर शंका. १०० पेक्षा कमी आणि लक्षणेही जुळत असतील तर विकरे खरोखरच अपुरी. जुलाब लागलेले असताना हा नमुना देऊ नये. पातळ शौचात इलास्टेज विरळ होते आणि आकडा खोटा कमी येतो. रक्तातले ट्रिप्सिनोजेन फारच कमी असेल तर तेही बळावलेल्या जुनाट आजाराकडे बोट दाखवते. पण ही चाचणी सगळीकडे होत नाही.

ग्रंथीची रचना पाहण्यासाठी सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास सीटी स्कॅन किंवा एमआरआय करतात. स्वादुपिंडात खडे असतील तर कधी कधी पोटाच्या साध्या एक्स-रेतही ते दिसतात. जुनाट पोटदुखी असलेल्या तरुणाची साखरही तपासावी. स्वादुपिंडाच्या आजारातून मधुमेह होतो, तो अनेकदा इथेच पहिल्यांदा सापडतो.

उपचार

विकरे खरोखर कमी असतील तर ती बाहेरून देतात. पँक्रियाटिन किंवा पँक्रिलायपेज नावाच्या कॅप्सूल मिळतात. मोठ्या माणसाला जेवणाबरोबर साधारण ४० ते ५० हजार युनिट लायपेज मिळेल आणि मधल्या खाण्याबरोबर त्याच्या निम्मे, अशी सुरुवात बहुधा करतात. नेमका डोस डॉक्टरच ठरवतात. कॅप्सूल जेवताना घ्यायची, पहिल्या घासाबरोबर आणि जेवण लांबले तर मध्ये आणखी. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर तासाभराने घेतली तर ती वाया जाते, कारण तिला अन्नात मिसळायचे असते. ही विकरे डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. कुणाला त्याबद्दल काही विचारायचे असेल तर मनात न ठेवता डॉक्टरांशी बोलावे.

औषधाच्या दुकानात मिळणारे पाचक सिरप म्हणजे हे औषध नव्हे. त्या सिरपमध्ये बहुधा बुरशीपासून काढलेले डायस्टेज आणि पेप्सिन असते. तेल-तूप पचवणारे लायपेज त्यात पुरेसे नसते, बऱ्याचदा नसतेच. महिनोन्‌महिने सिरप पिऊन वजन वाढत नसेल तर दोष शरीराचा नाही, औषध चुकीचे आहे.

आहारात तेल-तूप पूर्ण बंद करू नये. आधीच रोडावलेल्या माणसाचे त्याने आणखी नुकसान होते. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे. डाळ, अंडी, मासे, शेंगदाणे, दूध यांपैकी जे परवडते आणि पचते ते घ्यावे. जीवनसत्त्वांची कमतरता तपासून ती भरून काढावी. दारू आणि विडी-सिगारेट पूर्ण सोडावी. नलिकेत खडे अडकून दुखणे थांबत नसेल तर दुर्बिणीतून किंवा शस्त्रक्रियेने ते काढता येतात.

स्वादुपिंडाच्या आजारातून झालेल्या मधुमेहात एक विशेष काळजी घ्यावी लागते. या रुग्णांत साखर वाढवणारे ग्लुकॅगॉन हे संप्रेरकही कमी झालेले असते. त्यामुळे इन्सुलिन घेऊन जेवण टाळले तर साखर एकदम खाली जाऊ शकते. कामावर जाताना खिशात साखर किंवा गूळ ठेवावा.

हे करा

आकडा कमी आला आणि तब्येत चांगली असेल, वजन स्थिर असेल, शौच साफ होत असेल, तर घाबरू नका. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्ट दाखवा. गरज वाटली तर ते योग्य नळीत रक्त घेऊन पुन्हा तपासतील. साखर, ट्रायग्लिसराइड आणि कमरेचा घेर एवढे मात्र पाहून घ्या.

आकड्याबरोबर पोटात वरच्या बाजूला वारंवार दुखत असेल, दुखणे पाठीत जात असेल आणि पुढे वाकून बसल्यावर बरे वाटत असेल, शौच तेलकट होत असेल, वजन उतरत असेल, किंवा तरुण वयात साखर निघाली असेल, तर जिल्हा रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जा. जुने सगळे कागद एका पिशवीत घालून न्या. कळ पहिल्यांदा कोणत्या वर्षी आली, त्यानंतर किती वेळा आली, वजन किती होते आणि किती झाले, हे कागदावर लिहून न्या. डॉक्टरांना सरळ विचारा, “साहेब, हे स्वादुपिंडाचं असू शकतं का? सोनोग्राफी करावी का?” असा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा.

असह्य पोटदुखी, सतत उलट्या, ताप किंवा डोळे पिवळे होणे यांपैकी काहीही असेल, तर रिपोर्टाची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

हे करू नका

एका आकड्यावरून स्वतः विकरांच्या कॅप्सूल सुरू करू नका. पोटदुखीवर वर्षानुवर्षे दुकानातून वेदनाशामक गोळ्या आणून खाऊ नका. आणि मोबाइलवर रोगाचे नाव शोधून कुणाला घाबरवू नका.

त्या ताईंना आम्ही एवढेच विचारले होते, “ताई, जेवण जातं का? वजन उतरलं का? शौचाला कशी होते?” सगळे ठीक होते. साखर काठावर होती आणि कमरेचा घेर वाढलेला होता. शिबिरातल्या डॉक्टरांनी त्यांना रोज चालायला सांगितले आणि सहा महिन्यांनी साखर तपासायला बोलावले. पुढच्या महागड्या तपासण्यांची चिठ्ठी कुणीतरी त्यांच्या हातात दिली होती. ती डॉक्टरांनी बाजूला ठेवायला लावली.

त्या मुलाला मोठ्या रुग्णालयात पाठवले. सोनोग्राफीत स्वादुपिंडाच्या नलिकेत खडे दिसले आणि साखर तीनशेच्या वर निघाली. आता तो इन्सुलिन घेतो आणि डब्यातल्या भाकरीबरोबर कॅप्सूल घेतो. वजन हळूहळू वाढते आहे. गेलेली ग्रंथी परत येणार नाही, हे त्याला समजावून सांगितले आहे. परवा भेटला तेव्हा त्याने आपणहून विषय काढला. म्हणाला, “सर, आता निदान लोकांना सांगता येतं, मी पीत नव्हतो म्हणून.”

दहा वर्षे दुखणे सोसले, आणि त्यावर दारूड्या असल्याचा ठपकाही सोसला. तुमच्या वस्तीत असा कुणी पोटावर हात दाबून, पुढे वाकून बसणारा मुलगा किंवा मुलगी असेल, तर हे पान त्यांच्या घरी नेऊन वाचून दाखवा, आणि रुग्णालयात त्यांच्याबरोबर जा.